संघाची घसरण पराभवाआधी कशी ओळखायची: वेस्ट इंडीजच्या धावफलकांवरून शिकायची वही

१९८० च्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये मालिका गमावल्यावर वेस्ट इंडीजचा संघ मे १९९५ पर्यंत एकही कसोटी मालिका हरला नाही. पंधरा वर्षं. मग किंग्स्टनच्या सबिना पार्कवर ऑस्ट्रेलियाने त्यांना एक डाव आणि ५३ धावांनी हरवलं. त्याच मैदानावर २००४ मध्ये इंग्लंडविरुद्ध ते ४७ धावांत आटोपले आणि जुलै २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध २७ धावांत. कसोटीच्या इतिहासात याहून कमी धावसंख्या एकच आहे, न्यूझीलंडची १९५५ मधली २६.

बहुतेक चर्चा या पराभवांपासून सुरू होते आणि तिथेच चूक होते. आपल्याकडे विहीर विकत घेताना जाणता माणूस वर दिसणारं पाणी बघत नाही. मोटर लावून ती उपसतो आणि किती तासांत परत भरते ते मोजतो. संघाचंही तसंच आहे. वरचं पाणी म्हणजे जिंकलेले सामने, आणि झरा म्हणजे एक खेळाडू गेल्यावर त्याच्या जागी दुसरा किती लवकर आणि किती ताकदीचा येतो ते. वेस्ट इंडीजचा झरा १९९१ लाच मंदावला होता. पाणी संपलेलं दिसलं ते १९९५ ला.

हे धावफलकांतून स्वतः शोधून काढायचं, आणि मग तीच पद्धत आपल्या तालुक्याच्या किंवा शाळेच्या संघाला लावायची, अशी ही वही आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोली, कुठल्याही गावात लेदर बॉलवर खेळणारा संघ चालवणाऱ्याला ती करता येते.

लागणारं सामान

२०० पानी लांब वही, फूटपट्टी, तीन रंगांची पेनं आणि फोनमधला कॅल्क्युलेटर, इतकंच. कसोटी सामन्यांचे पूर्ण धावफलक इंटरनेटवर मोफत मिळतात. काम दोघांनी करावं: एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे. एकटा माणूस फोन आणि वही यांत नजर फिरवताना ओळ चुकवतो, आणि एका सामन्याचे बळी दुसऱ्यात गेले की पुढची सगळी टक्केवारी बिघडते. वेस्ट इंडीजचा भाग चार रविवारांत होतो.

वहीत फक्त कसोटी सामने घ्यायचे. एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी शेवटच्या पानांवर वेगळे ठेवा, कारण पुढे येईल. सुरुवात १९८० पासून करा. १९९५ पासून सुरू केलीत तर घसरण आभाळातून पडल्यासारखी दिसेल.

पहिलं काम: कारकिर्दीच्या पट्ट्या

वहीचं पान आडवं धरा. वरच्या ओळीत १९८० ते २००२ अशी वर्षं, प्रत्येक वर्षाला एक चौकोन. डाव्या बाजूला गोलंदाजांची नावं. कोणाला घ्यायचं याचा नियम आधी ठरवा आणि मग मोडू नका, नाहीतर आवडीची नावं घुसतात. चांगला चालणारा नियम असा: वेगवान गोलंदाज, कारकिर्दीत १०० हून जास्त कसोटी बळी, सरासरी २६ च्या आत. (सरासरी म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा.)

या चाळणीतून आठ जण उरतात. त्यांचं पहिल्या कसोटीचं वर्ष आणि शेवटच्या कसोटीचं वर्ष असं आहे: अँडी रॉबर्ट्स १९७४ ते १९८३, मायकेल होल्डिंग १९७५ ते १९८७, जोएल गार्नर १९७७ ते १९८७, कॉलिन क्रॉफ्ट १९७७ ते १९८२, माल्कम मार्शल १९७८ ते १९९१, कोर्टनी वॉल्श १९८४ ते २००१, कर्टली अँब्रोज १९८८ ते २०००, इयन बिशप १९८९ ते १९९८. प्रत्येकाची पट्टी रंगवा. पट्टी पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत सलग ओढायची. मधली दुखापत वेगळ्या रंगाच्या टिंबाने दाखवायची. बिशपच्या पट्टीत अशी टिंबं येतील, कारण पाठीच्या दुखापतीने त्याचा मधला बराच काळ गेला.

आता उभी फूटपट्टी ठेवून प्रत्येक वर्षी किती पट्ट्या कापल्या जातात ते मोजा. १९८१ ला पाच. १९८५ ला चार. १९८९ ला पुन्हा चार, पण निम्मी माणसं बदललेली: होल्डिंग आणि गार्नर गेले, तरी अँब्रोज आणि बिशप आले. खरी ताकद ती हीच. रॉबर्ट्सची शेवटची कसोटी डिसेंबर १९८३ मध्ये झाली आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये वॉल्श पहिली कसोटी खेळत होता. वर्षभराचीही पोकळी नाही.

मग १९९३ ला तीन, १९९९ ला दोन, २००२ ला शून्य. या घटत्या आकड्यांच्या वर मालिकांचे निकाल लिहिलेत तर छातीत धस्स होतं, कारण १९९३ च्या चौकोनावर संघ अजून जिंकतोय.

याच पानाखाली दुसऱ्या रंगात त्या गोलंदाजांच्या पट्ट्या काढा, ज्यांनी १०० बळी घेतले पण सरासरी २६ च्या वर गेली. मर्विन डिलन १३१ बळी, सरासरी ३३.५७. फिडेल एडवर्ड्स १६५ बळी, सरासरी ३७.८७. म्हणजे गोलंदाज मिळत होते, वेगही होता. पण मार्शलच्या २०.९४ किंवा अँब्रोजच्या २०.९९ च्या तुलनेत प्रत्येक बळी तेरा ते सतरा धावांनी महाग झाला. दोन डावांत वीस बळी घ्यायचे तर हा फरक अडीचशे ते साडेतीनशे धावांचा होतो. एवढ्या धावा फलंदाजांनी कुठून आणायच्या?

फलंदाजांच्या पट्ट्या काढताना एका वर्षावर थांबा: १९९१. गॉर्डन ग्रीनिजने त्या वर्षी शेवटची कसोटी खेळली, आणि ऑगस्टमध्ये लंडनच्या ओव्हलवर व्हिव्ह रिचर्ड्स, यष्टिरक्षक जेफ दुजॉन आणि मार्शल तिघेही शेवटचे उतरले. कसोटी संख्या लिहा: रिचर्ड्स १२१, ग्रीनिज १०८, दुजॉन ८१, मार्शल ८१. एका वर्षात ३९१ कसोट्यांचा अनुभव मैदानाबाहेर गेला. कर्णधार क्लाइव्ह लॉइड १९८५ च्या सुरुवातीला निवृत्त झाला तेव्हा रिचर्ड्स, ग्रीनिज, डेस्मंड हेन्स सगळे मधल्या वयात होते, म्हणून धक्का बसला नाही. १९९१ ला एकाच वेळी चार खांब निघाले. म्हणून वहीत एक कायमचा नियम लिहून ठेवा: एका हंगामात तीनपेक्षा जास्त जुने खेळाडू जाणार असतील, तर त्यातल्या दोघांची जागा आदल्या हंगामातच नव्या मुलांना द्यायला सुरुवात करायची.

दुसरं काम: भार कोणावर आहे ते मोजणं

प्रत्येक सामन्यासाठी दोन टक्केवाऱ्या काढायच्या.

फलंदाजीचा भार: सर्वात जास्त धावा करणाऱ्याच्या धावा भागिले संघाच्या एकूण धावा (अवांतर धरून), गुणिले १००. गोलंदाजीचा भार: सर्वात जास्त बळी घेणाऱ्या दोन गोलंदाजांचे बळी भागिले गोलंदाजांना मिळालेले एकूण बळी, गुणिले १००. धावबाद गोलंदाजाच्या खात्यात जात नाही, म्हणून तो एकूण आकड्यातूनही वगळायचा. हे विसरल्याने हमखास चूक होते.

एक सामना सोडवून बघू. २००१ च्या शेवटी श्रीलंका दौरा, कोलंबोच्या एसएससी (सिंहलीज स्पोर्ट्स क्लब) मैदानावरची कसोटी. वेस्ट इंडीज ३९० आणि २६२. ब्रायन लारा २२१ आणि १३०. म्हणजे ६५२ पैकी ३५१, ५३.८ टक्के. अर्ध्याहून जास्त धावा एका माणसाच्या, आणि सामना दहा गड्यांनी हरले. तीन कसोटींत लाराच्या ६८८ धावा आणि मालिका ३-०. हे आकडे लिहिताना वाईट वाटतं, पण लाराचा मोठेपणा हाच संघाच्या आजाराचा तापमापक होता.

आता जिंकलेला सामना घ्या, कारण खरी परीक्षा तिथे आहे. १९९९, ब्रिजटाउन, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३०८ चं लक्ष्य. वेस्ट इंडीज ९ बाद ३११, लारा नाबाद १५३. क्रिकेटमधल्या सर्वोत्तम डावांपैकी हा एक. त्या एका डावाचा भार ४९.२ टक्के. विजयाच्या रकान्यात खूण करताना शेजारी हा आकडा लाल पेनाने लिहा.

गोलंदाजीतही तसंच. १९९२, ब्रिजटाउन, दक्षिण आफ्रिकेला २०१ हवे होते, शेवटच्या दिवशी सकाळी २ बाद १२२ होते, आणि १४८ ला सर्वबाद झाले. अँब्रोज ६, वॉल्श ४. दहाच्या दहा बळी दोघांचे, त्या डावाचा भार १०० टक्के. तेव्हा अँब्रोज २८ वर्षांचा आणि वॉल्श २९ वर्षांचा, म्हणून कोणी घाबरलं नाही. २००० च्या लॉर्ड्स कसोटीत इंग्लंडचे १८ गडी पडले: वॉल्श १०, अँब्रोज ५. भार ८३ टक्के; वयं ३७ आणि ३६. आणि याच सामन्यात दुसऱ्या डावात वेस्ट इंडीज ५४ वर बाद झाल्याने दोन गड्यांनी हरले. त्या मालिकेत वॉल्शने ३४ बळी घेतले, तरी निकाल इंग्लंडच्या बाजूने ३-१. जवळ वय लिहिल्याशिवाय भाराचा आकडा अर्धवट असतो. १९९२ आणि २००० मध्ये फरक माणसांचा नव्हता, माणसं तीच होती. फरक आठ वर्षांचा होता आणि त्या आठ वर्षांत तिसरा माणूस तयार झाला नव्हता.

तुलनेसाठी १९८४ चा इंग्लंड दौरा भरा. मालिका ५-० जिंकली, गार्नर २९ बळी, मार्शल २४, होल्डिंग १५. पहिला माणूस थांबला तर दुसरा आणि तिसरा सामना संपवू शकत होता.

धोक्याची रेघ कुठे मारायची? आमचं मत: सलग पाच सामन्यांत फलंदाजीचा भार ३५ च्या वर किंवा गोलंदाजीचा ६५ च्या वर राहिला, तर जिंकत असलात तरी संघ आजारी समजा. एखाद्या सामन्यात भार वाढणं नैसर्गिक आहे. कोणी द्विशतक केलं की तो वाढणारच.

तिसरं काम: परक्या मैदानांचा रकाना

हे झटपट होतं. विजयासमोर घ (घरचा) किंवा प (परका) लिहा आणि शेवटचा परका विजय कधी ते बघा. इंग्लंडमध्ये शेवटची मालिका जिंकली १९८८ ला. भारतात शेवटची कसोटी जिंकली डिसेंबर १९९४ मध्ये मोहालीला. ऑस्ट्रेलियात १९९७ नंतर थेट जानेवारी २०२४, ब्रिस्बेनला, शमार जोसेफच्या ६८ धावांत ७ बळींमुळे, आठ धावांनी. घरचे विजय जास्त काळ टिकतात, म्हणून ते उशिरा इशारा देतात.

चौथं काम: गैरहजेरीचा रकाना

प्रत्येक मालिकेपुढे लिहा: सर्वोत्तम अकरापैकी किती जण खेळले नाहीत आणि का. कारणासाठी एका शब्दाची खूण ठेवा. वेस्ट इंडीजच्या वहीत ‘मानधन’ हा शब्द वारंवार येईल. १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिका दौऱ्याआधी पैशांच्या वादावरून खेळाडू लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या हॉटेलात थांबले, आणि मग मालिका ५-० हरले. २००९ मध्ये प्रमुख खेळाडू संपावर गेल्याने दुय्यम संघ उतरला आणि बांगलादेश त्यांच्याच घरच्या मैदानांवर २-० जिंकून गेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये धरमशाला इथल्या एकदिवसीय सामन्यानंतर भारत दौराच अर्धवट सोडला.

वेस्ट इंडीज हा एक देश नाही, हेही या रकान्याशेजारी लिहून ठेवा. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, गयाना आणि लहान बेटं, प्रत्येकाचं सरकार वेगळं. त्यांना एकत्र बांधणारं क्रिकेट आहे आणि ते चालवणारं मंडळ. मंडळ आणि खेळाडू यांचं बिनसलं की खाली आधाराला दुसरं काही उरत नाही.

वही कुठे फसते

सर्वात मोठी चूक प्रकार एकत्र करण्याची. २०१२ आणि २०१६ मध्ये वेस्ट इंडीजने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. हे यश खरं आहे, पण चार षटकं टाकणारा गोलंदाज दिवसाला वीस षटकं टाकू शकतो असं त्यातून सिद्ध होत नाही. उलट दिशेनेही फसगत होते: २९ फेब्रुवारी १९९६ ला पुण्यात नेहरू स्टेडियमवर केनियाने त्यांना ९३ धावांत गुंडाळून ७३ धावांनी हरवलं, पण त्याच स्पर्धेत ते उपांत्य फेरीत पोचले. एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नका. मात्र २०२३ ला एकदिवसीय विश्वचषकाला पात्रच न ठरणं, पात्रता फेरीत झिम्बाब्वे, नेदरलँड्स आणि स्कॉटलंडकडून हरणं, ही एका दिवसाची गोष्ट नव्हती. शेवटच्या पानांवर अशी रांग दिसली की ती मोजायची.

दुसरी चूक ऐकीव कारणं लिहिण्याची. ‘तिकडची पोरं बास्केटबॉलकडे गेली’ हे चहाच्या टपरीवर कोणीही सांगतं. धावफलकातून ते तपासता येत नाही, म्हणून वहीत त्याला जागा नाही. जे मोजलं तेवढंच लिहा.

आता आपला संघ

मागच्या तीन हंगामांची स्कोअरबुकं जमवा. नसतील तर या हंगामापासून सुरू करा. मोबाइलवर स्कोअर ठेवत असाल तरी सामना संपल्यावर मुख्य आकडे वहीत उतरवा, कारण फोन बदलला की अनेकदा नोंदीही जातात.

पट्ट्या इथे वर्षांच्या नव्हे, महिन्यांच्या काढायच्या. आपल्याकडे खेळाडू निवृत्त होत नाही, महिन्यांसाठी गायब होतो. बीड आणि आसपासच्या तालुक्यांत दसरा-दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. नेमका तोच क्रिकेटचा हंगाम. दहावी झाली की हुशार पोरगा लातूरला क्लासला, दोन वर्षं मैदान बंद. वीस वर्षांचा झाला की पोलीस भरतीची तयारी. म्हणून खुणा अशा ठेवा: ऊ, क्ला, भ, दु (दुखापत), टे (टेनिस बॉलच्या बक्षिसाच्या स्पर्धेला गेला), ना (निवडीवरून नाराज). प्रत्येक खेळाडूसमोर बारा चौकोन, रिकाम्या महिन्यात खूण.

हंगाम संपल्यावर ज्या महिन्यांत वेगवान गोलंदाजांच्या दोनपेक्षा कमी पट्ट्या आहेत ते महिने गोल करा. ‘ऊ’मुळे रिकामे असतील तर त्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही. त्याचे सामने पाडव्यानंतर ठेवा, आणि मधल्या काळासाठी सोळा वर्षांखालच्या दोघांना आधीच तयार करा. ‘टे’ जास्त असतील तर तो मानधनाचा प्रश्न आहे, जसा कॅरिबियनमध्ये झाला. टेनिसच्या स्पर्धेत पोराला दोन पैसे मिळतात आणि लेदरच्या सामन्याला स्वतःच्या खिशातून बसभाडं भरावं लागतं. निदान भाडं आणि जेवण संघाने द्यावं, आणि स्पर्धांच्या तारखा आधी बसून ठरवाव्यात. ‘ना’ दिसली तर निवड कशावर झाली ते फलकावर लिहून लावा.

भार मोजायची रीत तीच. समजा पाच सामन्यांत तुमच्या संघाने ८०० धावा केल्या आणि एकट्या सलामीवीराच्या ३२०. भार ४० टक्के. तो मुलगा उद्या जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या संघात गेला तर? आनंदच आहे. तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर वेगवान गोलंदाज म्हणून २०२२ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला, बीडच्या सचिन धसने २०२४ च्या याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा केल्या. अशी पोरं वर जायलाच हवीत. म्हणून त्याच सलामीवीराला दर चौथ्या सामन्यात पाचव्या क्रमांकावर खेळवा आणि नवा डाव सुरू करायची जबाबदारी दुसऱ्यांना द्या. एक-दोन सामने हराल. ते हरणं ‘नवीन जोडी’ अशी टीप घालून वहीत लिहा.

वेगवान पोरांच्या बाबतीत षटकांचा हिशेब रोज ठेवा, सराव धरून. पंधरा वर्षांखालच्याला एका वेळी सलग सहा आणि दिवसात एकूण बारा षटकांपलीकडे देऊ नका. लागोपाठ तिसऱ्या दिवशी चेंडू हातात नको. कंबरेच्या वर एका बाजूला दुखतंय म्हणाला तर मालिश करून उतरवू नका, डॉक्टरकडे न्या. वाढत्या वयात मणक्याला तडा जाण्याची ती सुरुवात असू शकते.

शेवटचा रकाना खेळपट्टीचा: मॅट, सिमेंट की माती. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, एप्रिलमध्ये भेगाळते, म्हणून तिचं वागणं महिन्यागणिक बदलतं. मोजायला तीन मीटरच्या काठीच्या टोकाच्या उंचीवरून जुना लेदर बॉल सोडा आणि पहिला टप्पा किती उसळतो ते मागे टेप धरून मोबाइलवर चित्रित करून वाचा. तीन जागी, प्रत्येक जागी पाच वेळा, सरासरी लिहा. चेंडू दर वेळी तोच ठेवायचा. उसळी महिन्यामागून महिना कमी होत असेल तर वेगवान गोलंदाज नकळत वेग सोडून नुसती जागा पकडायला शिकतो, आणि मग तो परक्या चांगल्या खेळपट्टीवर जाऊन मार खातो. उपाय: भेगांत तीच बारीक चाळलेली माती भरा, हलकं पाणी मारा, ओल बोटाला लागते पण चिकटत नाही एवढी झाली की रोलर फिरवा. ओल्या चिखलावर रोलर फिरवला तर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

वही दर सामन्याच्या संध्याकाळी भरायची, आणि पट्ट्यांचं पान पाडव्याला आणि दसऱ्याला, वर्षातून दोनदा, सगळ्या संघासमोर उघडायचं.